खारीक शिजते त्या गावी

मुंबईच्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले, तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका माणसाने मला हाताने बाजूला व्हायची खूण केली. "मॅडम, फॉरेनर्स दॅट साइड."

मी मराठीत विचारलं, "तुमचं गाव कुठलं हो?"

तो दचकला. "सातारा."

"माझं मुरुड. जंजिऱ्याचं. आता सांगा, आपल्या दोघांत फॉरेनर कोण?"

मागची माणसं हसली, तो ओशाळला आणि मी माझ्याच रांगेत ठिय्या दिला. हे मला नवीन नाही. एसटीत कंडक्टर माझ्याशी हिंदी बोलतो. बँकेतली मुलगी माझ्या सहीकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहते. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, जंजिऱ्याच्या सिद्दींपैकी होती. त्या लोकांचे पूर्वज फार पूर्वी आफ्रिकेतून समुद्रावाटे आपल्या किनाऱ्याला आले. आजोबांची होडी होती. किल्ल्याच्या बाजूला माल पोचवता पोचवता त्यांनी आजीला पाहिलं, घरी आणलं, तिचं नाव बदललं. तिचे केस, तिचं नाक आणि तिचा रंग वडिलांना चुकवून थेट माझ्याकडे आला. माझी मोठी बहीण कुंदाताई मात्र आईवर गेली. गव्हाळ, सरळ नाकाची. केस तेवढे थोडे कुरळे, ते तेल चोपडून वेणीत दाबले की कोणाला कळायचं नाही.

मी ओमानला निघाले होते खारीक आणायला. रोह्याला माझं ओटीच्या साहित्याचं दुकान आहे. हळकुंड, सुपारी, बदाम आणि खारीक एका पुडीत बांधून विकायचं, हा धंदा मी देवळाच्या पायरीवर टोपली घेऊन सुरू केला. आज कोकणात लग्नसराईत माझ्या पुड्या सगळीकडे जातात. पण खारीक मला मुंबईचा व्यापारी द्यायचा, आणि दरवेळी किडकी गळ्यात मारायचा. एकदा माझं त्याच्याशी कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, ही येते कुठून ते सांग, मी स्वतः जाते. तो हसून म्हणाला, "ओमानहून. जा."

ओमानमध्ये माझी बहीण राहते. म्हणजे जायला दोन कारणं होती. खरं मोठं कारण दुसरं होतं, ते आत्ताच सांगून टाकते. कुंदाताईला पाहायला मंडळी आली, त्या दिवशी मला शेजारच्या घरी पाठवलं होतं. "आज नको, लग्न होऊ दे, मग काय ते," असं आई म्हणाली आणि ताई गप्प बसली. लग्नाच्या फोटोत मी नाही. पुढे ती मस्कतला गेली. तिथल्या मराठी मंडळात तिची धाकटी बहीण कोणाला माहीत नाही. मला तिच्याकडून चारचौघांत एक वाक्य हवं होतं: ही माझी सख्खी बहीण. एवढंच. धंद्यात मी पाहिजे ते मिळवून दाखवलं आहे. हे वाक्यही मिळवून परत येईन, असं मी माझ्या यजमानांना सांगून निघाले.

मस्कत

मस्कतला उतरले, तर गणवेशातल्या एका बाईने माझं कोपर हलकेच धरलं, अरबीत काहीतरी गोड बोलली आणि मला दुसऱ्या एका रांगेत नेऊन उभं केलं. वर पाटी होती, आखाती देशांच्या नागरिकांसाठी. मी तोंड उघडणार होते, पण आजूबाजूला पाहिलं आणि थांबले.

माझ्यापुढे पांढऱ्या डगल्यातला एक म्हातारा होता. त्याचे कान माझ्या आजीचे. शेजारच्या बाईच्या काळ्या बुरख्याच्या कडेतून निसटलेले केस माझे. पलीकडे एक जोडपं, नवरा गोरा, बायको काळी, कडेवरचं मूल मधल्याच रंगाचं, आणि कोणी मान वळवून पाहत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका खोलीत होते आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला हुंदका आला. मी तो खोकल्यात घालवला.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने माझा निळा पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. "हिंद?" त्याला पटेना. मग हसून त्याने योग्य रांग दाखवली.

ताई न्यायला आली होती. मिठी मारली, रडली. तिचे केस इस्त्री केल्यासारखे सरळ होते. मोटार तीच चालवत होती, एका हाताने, झोकात. बाहेर पाहिलं आणि पाहतच राहिले. डोंगर, पण त्यांच्यावर एक झाड नाही, एक गवताची काडी नाही. तपकिरी, जांभळे, सोलून ठेवल्यासारखे. आपल्याकडे डोंगर हिरवं पांघरून असतो, त्यामुळे तो आतून कसा असतो हे आपण कधी पाहतच नाही. पायथ्याशी पांढरीशुभ्र, बुटकी घरं. अल अमेरात या भागात ताई राहते, ते तर डोंगरांच्या ओंजळीतच वसलेलं आहे. घाट चढून वर आलो आणि खाली सगळी वस्ती उन्हात मिठागरासारखी चमकत होती.

घरी भावोजी आणि भाची रुचा. रुचाची नोकरी नुकतीच लागली होती. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, तू... तुम्ही... प्रवास ठीक झाली?" पोरीचं मराठी असं अडखळतं, पण डोळ्यांत माया होती. तिचेही केस सरळ. न्हाणीघरात केस सरळ करायचा चिमटा टांगलेला होता. रोज सकाळी मायलेकी आळीपाळीने तो फिरवतात. जुलैअखेरची तिथली हवा अशी दमट की बाहेर पाऊल टाकलं की केस पुन्हा वळायला लागतात. मग पुन्हा चिमटा.

हमरिया

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मत्रहच्या जुन्या बाजारात गेले. ऊन इतकं, की कपाळावरची टिकली घामाने कधी गळून पडली कळलं नाही. मंगळसूत्र परमुलखात नको म्हणून कुर्त्याच्या आत होतं. एका दुकानातून सुती ओढणी घेतली आणि डोक्याभोवती गुंडाळली. तिथून जादू सुरू झाली.

पुढच्या दुकानातला माणूस त्याच्या जोडीदाराला हिंदीत म्हणाला, "लोकल है, सीधा भाव बोल." त्याने खरंच सीधा भाव सांगितला. जन्मभर तोंड वाजवून जे मिळवलं ते इथे तोंड मिटून मिळत होतं. तिसऱ्या दुकानात एका ओमानी म्हाताऱ्याने अरबीत विचारपूस केली. मी इंग्रजीत "सॉरी" म्हटलं, तर तो खुलून म्हणाला, "आह, झिंजिबार!" आणि भलत्याच भाषेत बोलू लागला. नंतर भावोजींनी उलगडा केला. झांझिबार बेट एके काळी ओमानच्या सुलतानाचं होतं. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या राहून परतलेली कितीतरी ओमानी घराणी आहेत, त्यांतल्या जुन्या माणसांना स्वाहिली येते, अरबी कमी. म्हणजे मी गप्प बसले तरी ओमानी, आणि बोलले तरी ओमानी.

जेवायला हमरियात गेले. मस्कतमधल्या रुवी भागाला लागून असलेली ही जुनी, दाटीवाटीची वस्ती. शिंप्यांची, मोबाइलवाल्यांची, धोब्यांची दुकानं, आणि मध्येच एक कोकणी खाणावळ. आत शिरले तसा टेबलावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अरे सुन्या, उठ, बाईंना जागा दे. कोणा अर्बाबची बायको असेल."

अर्बाब म्हणजे मालक. सुन्या ताट घेऊन उठला, पण पुटपुटला, "हिला काय आपली आमटी झेपणार? नाकातून पाणी येईल."

मी सुरमईची आमटी आणि भात मागवला, नुसता बोट दाखवून. दोघं माझ्याकडे चोरून पाहत होते.

"काटे बघ कसे काढते. आपल्या आयशीसारखी."

"आणि भुरके मारते बघ! ओमानी बाई भुरके मारते का रे?"

मी शेवटचा घास संपवला आणि म्हणाले, "आमटीत कोकमं आणखी दोन पडायला हवी होती."

सुन्याच्या हातातलं ताटच कललं. मग जो हशा पिकला! दोघं चिपळूणच्या बाजूचे, एसीच्या दुरुस्तीची कामं करणारे. मावशी मावशी करत त्यांनी मला सोलकढी पाजली. निघताना सुन्या म्हणाला, "मावशी, तुमचं बरं आहे. तोंड उघडलं नाही की राणी. आम्ही चेहऱ्यावरूनच कामगार."

तो हसत म्हणाला, मीही हसले. पण टॅक्सीत ते वाक्य मला टोचत राहिलं. गावी माझ्या चेहऱ्याने मला जे भोगायला लागलं, ते इथे सुन्याला त्याच्या चेहऱ्याने लागत होतं.

अल अमेरात, शुक्रवार

ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे तिथल्या मराठी बायकांना श्रावणी शुक्रवार आयता मिळतो. जिवतीची पूजा, मग हळदीकुंकू, दूध, फुटाणे. ताईने चार जणी बोलावल्या होत्या. त्यांतल्या पाटणकर वहिनी महत्त्वाच्या, कारण त्यांच्या मुलाचं आणि रुचाचं जुळत होतं. मुलांची पसंती झाली होती, घरच्यांचा होकार बाकी होता.

मी सकाळीच फुलं आणायला बाहेर पडले होते. इथे फुलं मिळवणं म्हणजे दिव्य, परतायला उशीर झाला. डोक्याला तीच ओढणी. बेल वाजवली, दार उघडलं पाटणकर वहिनींनी.

"अहलन, अहलन," असं अरबीत स्वागत केलं, आणि आत वळून, "कुंदा, कोणी ओमानी बाई आल्यात गं!"

दोन दिवसांची सवय. मीही गमतीने "अहलन" म्हटलं आणि ताईकडे पाहिलं. आता ती हसेल, म्हणेल, अहो ही तर आमची शालू.

ताई देव्हाऱ्यापाशी उभी होती. हातात कुंकवाची कोयरी. तिचा चेहरा आधी पडला आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, सावरला. ती म्हणाली, "शेजारच्या आहेत. या, या, सिट, प्लीज."

मी बसले.

तुम्ही म्हणाल, एवढी तोंडाळ बाई, तिथेच का नाही उभा दावा मांडला? एक तर सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. मला वाटलं, ती आता बोलेल, आता बोलेल. आणि दुसरं, समोर रुचा दुधाचे पेले घेऊन उभी होती. तिने मला पाहिलं, आईला पाहिलं आणि पेला माझ्या हातात देताना मान वर केली नाही.

बायकांनी मराठीत बोलायला सुरुवात केली. का नाही करणार?

"डोळे काय सुंदर आहेत गं हिचे."

"डोळे ठीक. केस बघ की. आपल्या पोरींना असले असते तर कुठे खपल्या असत्या?" ही नीता नावाची, पाटणकर वहिनींच्या शेजारची.

"अगं हळू."

"तिला काय कळतंय!"

सगळ्या हसल्या. ताईही हसली. ते हसू मी ओळखते. आई पाहुण्यांपुढे हसायची तेच.

मग हळदीकुंकू. वहिनी कोयरी घेऊन एकेकीला लावत माझ्यापर्यंत आल्या आणि थबकल्या. "कुंदा, यांना लावू का गं? यांच्यात चालत नसेल ना?"

"नको," ताई म्हणाली. "राहू दे."

सख्ख्या बहिणीच्या घरी, श्रावणी शुक्रवारी, मी सवाष्ण बाई कोऱ्या कपाळाने बसून राहिले. मला आजी आठवली. गावातल्या हळदीकुंकवाला तिला कधी बोलावणं नसायचं. ती परसात बसून आमच्यासाठी शेंगा भाजायची. तिची ओटी कोणी भरलेली मी पाहिली नाही. आणि मी मात्र गावोगावच्या बायकांच्या ओट्या विकून मोठी झाले.

बायका गेल्यावर मी जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. ताईने ऐकून घेतलं. मग तीही उसळली.

"अहलन कोण म्हणालं? मी? नाटक तू सुरू केलंस!"

"आणि संपवायचं कोणी होतं?"

"तुझं काय गं, शालू. तू आलीस, भांडशील, जाशील. मला इथे रोज राहायचंय. रुचाचं ठरू दे, मग सांगते सगळ्यांना."

"लग्नाच्या वेळीही 'मग'च होतं. तुझं ते 'मग' माझ्या तेराव्याला येणार का?"

भावोजी टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते. रुचा दारात उभी राहून म्हणाली, "आई, मला त्या घरात रोज केस... आय मीन, रोज भीती वाटणार का?" ताई दुधाचे पेले गोळा करायला लागली.

खाबुरा

खाबुऱ्याला जायचं आधीच ठरलं होतं. तिथल्या एका बागवाल्याचा पत्ता भावोजींनी काढला होता, अरबी बोलायला आणि गाडी चालवायला ताईच लागणार. तेव्हा दोन न बोलणाऱ्या बायका एका मोटारीत बसून निघाल्या. उजवीकडे समुद्र, डावीकडे दूरवर डोंगरांची भिंत, मधल्या पट्ट्यात खजुरीच्या बागा, एकामागून एक, संपतच नाहीत. समुद्र पाहून मी मनात म्हटलं, हाच आपला समुद्र. याच्या दुसऱ्या काठाला माझं गाव. होडी सरळ सोडली तर आजीच्या पुळणीवर लागेल. ताईला हे सांगावंसं वाटलं, पण राग आडवा आला.

बागेत शिरलो तशी धुराचा आणि गुळाचा मिळून एक वास आला. आणि समोर जे दिसलं ते आजही डोळे मिटले की दिसतं. मातीच्या चुलाण्यांवर तांब्याच्या कढया, प्रत्येक इतकी मोठी की आत माणूस बसेल. खाली खजुरीची खोडं धडाडून पेटलेली. माणसं पिवळ्याधमक खजुराचे घड उकळत्या पाण्यात सोडत होती, आणि बऱ्याच वेळाने लांब दांड्याच्या झाऱ्यांनी काढत होती. बाजूला मोकळ्या जमिनीवर ते वाळत घातलेले. पिवळे, मग केशरी, मग तपकिरी, जसजसे वाळत जातील तसे, पार कुंपणापर्यंत. शेतभर सोनं पसरलंय म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण सोनं मी पाहिलंय, ते इतकं सुंदर नसतं. या उकडून वाळवण्याला तिथे तब्सील म्हणतात. आणि ताजा खजूर खाणारे ते लोक ही वाळलेली खारीक स्वतः फारशी खात नाहीत. ती जाते आपल्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या.

मी आयुष्यभर खारीक विकली आणि ती उकडतात हे मला माहीत नव्हतं.

बागेची मालकीण एक म्हातारी, सालिमची आई म्हणून सगळे तिला उम्म सालिम म्हणतात. काळीभोर, ताठ, कपाळावरून बांधलेला रंगीत रुमाल. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि लांबच लांब अरबीत खुशाली विचारली. मी नुसती मान हलवत होते. तिची नाकपुडी, हनुवटी, हसताना तोंडावर हात नेण्याची लकब, सगळं आजीचं! मला तिच्याकडे पाहवेना आणि नजरही काढवेना.

चटईवर बसलो. आधी खजूर, मग छोट्या वाटीसारख्या पेल्यात वेलचीची कॉफी. मी दराची गोष्ट काढली, तर तिच्या मुलाने, सालिमने, ती हसून बाजूला सारली. आधी पाहुणचार. माझा पेला रिकामा झाला की तो भरायचा. पुन्हा रिकामा, पुन्हा भरलेला. तोंड कडवट झालं तरी आपल्याकडच्या रीतीने मी टाकायचं नाही म्हणून पीत राहिले. शेवटी ताईने, गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा, माझ्याशी तोंड उघडलं: "बावळट, पेला असा हलवून दे. नाहीतर तो संध्याकाळपर्यंत ओतेल."

मी फणकाऱ्याने पेला हलवला. उम्म सालिम आमच्याकडे पाहत होती. तिने ताईला काहीतरी विचारलं. ताईचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणते?"

"काही नाही."

"ताई, काय म्हणते?"

ताईने पेला खाली ठेवला. "विचारते, तुझी बहीण अरबी का बोलत नाही?"

आमच्या गावात, एका घरात वाढलेल्या, एका ताटात जेवलेल्या आम्हा दोघींना कोणी आपणहून बहिणी म्हटलेलं मला आठवत नाही. "तिला कसं कळलं? विचार."

ताईने विचारलं. म्हातारीने खांदे उडवले आणि हाताने दाखवलं, एक मूठ इकडे, एक मूठ तिकडे, पाठी एकमेकींकडे. ताईने अडखळत सांगितलं: "म्हणते, परक्या माणसावर कोणी इतकं रागावून बसत नाही. अशा पाठ फिरवून बसतात त्या एका आईच्याच असतात."

मग म्हातारीने आपल्या मुली हाका मारून बोलावल्या. एक तिच्यासारखी काळी, एक ताईसारखी गव्हाळ. "सगळ्या माझ्या," अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि दोघींकडे बोट करून, "याही अशाच भांडतात." मुली हसल्या. ताईने माझ्याकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "उख्ती." माझी बहीण.

म्हटलं तिने. अरबीत म्हटलं, पण म्हटलं. मी म्हाताऱ्या व्यापाऱ्यासारखी तिथेच घासाघीस केली. "मराठीत म्हण."

"इथे मराठी कोणाला कळतंय?"

"म्हणूनच इथे चालणार नाही."

ताई रडता रडता हसली.

पुढचा सौदा सालिमशी. मी भाव पाडायला सुरुवात केली, तर तो शांतपणे ऐकत राहिला आणि तोच भाव पुन्हा सांगत राहिला. मी उठले, चालायला लागले, हा माझा हुकमी डाव. मुंबईचा व्यापारी धावत मागे येतो. सालिमने मला हात हलवून निरोप दिला! मला मुकाट्याने परतून बसावं लागलं. उम्म सालिम इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने ताईला विचारलं, एवढ्या खारकांचं ही करते काय?

ताईने सांगायला घेतलं आणि मध्येच थांबली. ओटी अरबीत कशी सांगणार? शेवटी मी ओढणीचं टोक दोन्ही हातांनी धरून दाखवलं. बाई घरी आली, लेक सासरी निघाली, कोणाच्या पोटी मूल येणार असलं की दुसरी बाई तिच्या पदरात हे घालते, असं ताईने कसंबसं पोचवलं.

म्हातारीने जन्मभर आगीपाशी उभं राहून हा खजूर उकडला होता. हिंदुस्थानातले लोक तो औषधात कुटून खातात, एवढीच तिची समजूत. "बायकांच्या पदरात?" तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग उठली, वाळवणातून ओंजळभर खारका घेतल्या. उन्हाने तापलेल्या. माझ्या ओढणीत घातल्या. "असं?"

"अस्संच," मी मराठीत म्हणाले.

दुसरी ओंजळ ताईच्या.

परतताना गाडीत ताई म्हणाली, "हसताना तोंडावर हात नेत होती, पाहिलंस?"

"पाहिलं."

"मी लोकांना सांगते, आजी काठेवाडची होती."

दोघींच्या मांडीवर खारका होत्या.

पुन्हा शुक्रवार

माझं परतीचं विमान शनिवारचं. शुक्रवारी ताईने त्याच बायका पुन्हा बोलावल्या. सकाळी न्हाणीघरातून मायलेकी बाहेर आल्या, तेव्हा चिमटा खुंटीलाच होता. दुपारपर्यंत दोघींच्या केसांनी वाटेल तशी वळणं घेतली. रुचा आरशात पाहून पुन्हा पुन्हा हसत होती. ताई घाबरलेली होती. ती पूजेला बसली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, राहू दे, नको बोलूस. मी खरंच तसं म्हणायला गेले. तिने हाताने गप्प केलं.

बायका आल्या. मी साडी नेसून, टिकली लावून, मंगळसूत्र बाहेर काढून बसले होते. नीता माझ्याकडे बघतच राहिली.

ताई उभी राहिली. "ही शालू. माझी सख्खी धाकटी बहीण. मागच्या शुक्रवारी मी खोटं बोलले."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"अगं बाई," नीता म्हणाली. "म्हणजे यांना सगळं..."

"केसांचंसुद्धा," मी म्हणाले.

पाटणकर वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईच्या केसांकडे, मग रुचाच्या. "म्हणजे रुचाचे..."

"आमच्या आजीचे," ताई म्हणाली. "काठेवाडची नव्हती ती. सिद्दी होती, जंजिऱ्याची. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, वहिनी. आता ठरवायचं ते तुम्ही ठरवा."

रुचा पेले घेऊन उभीच होती. मग वहिनी म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं. त्या एका शब्दात काय होतं, ते माल हातात घेऊन त्याची पारख करणाऱ्या मलासुद्धा कळलं नाही. त्या उठल्या, देव्हाऱ्यापुढची कोयरी उचलली, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्यावरच रागावल्या.

"तुम्हीसुद्धा कमाल करता! अहलन काय म्हणालात? मागच्या शुक्रवारी राहिलं ना तुमचं. कपाळ पुढे करा."

मी कपाळ पुढे केलं. ताईने माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि उम्म सालिमच्या ओंजळीतली खारीक.

परत येऊन आता बरेच दिवस झाले. वहिनींचा होकार अजून आलेला नाही, नकारही आलेला नाही. ताई रोज फोन करते. "काही कळलं?" मी विचारते. "नाही गं," ती म्हणते आणि मग तिच्या नव्या सवयीप्रमाणे फोन स्पीकरवर टाकून खोलीत जे कोणी असेल त्याला सांगते, "माझ्या बहिणीशी बोलतेय, जरा थांबा." सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.